भय आणि धैर्य
(नेर येथील जुबिली महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



जुबिलीचा दिवस हा देवाचे उपकार आठवण्याचा दिवस होय. ते आठवीत असतां ज्या संकटांतून त्यानें आपणांस पार नेलें त्यांचेंही स्मरण होतें. आणि जीं संकटें अद्यापि सरलीं नाहींत त्यांविषयीं अशा प्रसंगीं मौन पाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून आज भय आणि धैर्य यांविषयीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेर तालुक्याचें जीवन काळ्या मातीवर आणि आभाळावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन, तूर हीं पिकें बहुतांशीं पावसाच्याच भरंवशावर उभीं राहतात. पावसानें दडी मारली कीं पेरलेलें बीं मातींत करपतें आणि दुबार पेरणीसाठीं पुन्हां कर्ज होतें. पीक वांचविणाऱ्या औषधाचीही धास्ती आहेच. २०१७ सालीं आपल्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन सुमारें २० शेतकरी व मजूर दगावले. अशा घरांत भय गाजावाजा करीत येत नाहीं. तें चुलीपाशीं मुकाट्यानें येऊन बसतें. कर्जाचा आंकडा नवरा बायकोस सांगत नाहीं, बाप मुलास सांगत नाहीं, आणि न सांगितलेला आंकडा रात्रीं उशाशीं वाढत राहतो.

धैर्यवान् मनुष्यास भय वाटतच नाहीं असा पुष्कळांचा समज आहे. शुभवर्तमान तसें सांगत नाहीं. मरणाच्या आदल्या रात्रीं गेथशेमनीच्या बागेंत आपला प्रभु व्याकुळ झाला. तो प्याला आपणांवरून टळावा अशी त्यानें पित्यापाशीं विनवणी केली. आणि तीन शिष्यांस आपल्याबरोबर जागें राहण्यास सांगितलें. भिणें हें पाप नव्हे, आणि भयाच्या घटकेस दुसऱ्याची सोबत मागणें हा दुबळेपणा नव्हे, हें यावरून उघड होतें. शिष्य झोंपीं गेले, हीच त्या रात्रीची खंत आहे.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस १५९७ सालीं फेब्रुवारीच्या ५ तारखेस जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मरण आलें. तेही एकटे नव्हते. ते एकूण २६ जण होते, आणि त्यांतील बहुतेकांस भर हिवाळ्यांत क्योटोकडून दूर नागासाकीपर्यंत चालवीत नेलें होतें. संतांची गोष्ट निराळी, असें कोणी म्हणेल. तर मग आपल्याच जिल्ह्यांतील एका गृहिणीकडे पाहूं.

कळंब तालुक्यांतील राजूर गांवच्या श्रीमती वैशाली येडे यांच्या शेतकरी पतीनें २०११ सालीं आपलें जीवन संपविलें. पदरीं लहान मुलें होतीं. अंगणवाडींत काम करून त्यांनीं घर सांवरलें. पुढें अशाच घरांतील स्त्रियांच्या व्यथेवर रचलेल्या ‘तेरवं’ या नाटकांत त्या इतर समदुःखी स्त्रियांसह रंगभूमीवर उभ्या राहिल्या. आणि २०१९ सालीं जानेवारीच्या ११ तारखेस यवतमाळ येथें भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन त्यांच्या हस्तें झालें. त्या सारस्वतांच्या मेळ्यापुढें त्यांनीं दयेची याचना केली नाहीं. मागें राहिलेल्या स्त्रीची कैफियत त्यांनीं ताठ मानेनें मांडिली. त्यांच्या मनांतून भय समूळ गेलें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु घरच्या दुःखाची त्यांनीं लाज मानिली नाहीं, आणि तें दुःख त्यांनीं एकटीनें गिळलें नाहीं.

जुन्या करारांतील सारफथच्या विधवेच्या घरीं मूठभर पीठ व थोडें तेल उरलें होतें. एलिया संदेष्ट्यास तिनें त्यांतूनच भाकर दिली, आणि दुष्काळ सरेपर्यंत तें पीठ सरलें नाहीं. तिच्या दारीं धान्याचें कोठार उतरलें नाहीं. रोजच्यापुरतें रोज मिळत गेलें. धैर्यही असेंच आजच्यापुरतें मिळतें, आणि बहुधा शेजाऱ्याच्या हातून मिळतें.

मग या जुबिलीच्या वर्षीं आपण काय करावें? पहिली गोष्ट, पुरुषांनीं कर्जाचा खरा आंकडा आज रात्रींच घरांत सांगावा. दुसरी, सातबाऱ्यावर पत्नीचें नांव आपल्या हयातींतच लावावें. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीच्या चळवळींत हाच आग्रह धरिला होता. उताऱ्यावर नांव नसलेल्या स्त्रीस ऐन दुःखांत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिसरी, मयताच्या घरीं तेराव्यापर्यंत माणसांची दाटी असते आणि चौदाव्या दिवशीं तेथें कोणी फिरकत नाहीं. आपण चौदाव्या दिवशीं जावें, मग तें घर ख्रिस्ती असो वा नसो. आणि जो शेजारी तीन रविवार मिस्सेस दिसला नाहीं, त्यास दोष लावण्याआधीं त्याचें दार ठोठवावें.

बागेंत शिष्य झोंपीं गेले. आपण जागे राहूं. क्रुसापाशीं उभी राहिलेली दुःखी माता आपल्या घराघरांसाठीं विनंती करो, आणि या धर्मग्रामांत कोणावरही एकट्यानें भिण्याची पाळी न येवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.