जुनी मर्सिडीज, नवा मालक: आधी ब्रेक, मग ब्लूटूथ

(या भागाचं शब्दांकन)

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा. कारण आज मी जे सांगणार आहे त्यात आपल्या गाडीचा आवाज ऐकू येणं महत्त्वाचं आहे.

गेले काही महिने तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच मेसेज येतोय. "दादा, स्विफ्टच्या निम्म्या पैशात जुनी मर्सिडीज मिळतेय. घेऊ का?" मी उत्तर द्यायचं टाळत होतो. कारण साधं आहे, मीच एक घेऊन बसलो होतो आणि तिने मला चांगलं कामाला लावलं होतं. आता बोलण्याइतकी अक्कल आली आहे, म्हणून हा भाग.

तर गाडी कुठली? १९९६ ची ई २२०. ज्यांना नंबरांची भाषा कळते त्यांच्यासाठी, डब्ल्यू १२४. चौकोनी चेहरा, बॉनेटवर उभा तारा, समोरच्या काचेवर एकच वायपर. २,१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्यातलं पहिलं मॉडेल हेच. म्हणजे नाव जर्मन असलं तरी माझी गाडी आपल्या पिंपरीची. मी ती घेतली पावणेतीन लाखांना.

आता माझा पहिला मूर्खपणा ऐका. गाडी घरी आली आणि पहिल्या आठवड्यात मी काय केलं? मोठा टचस्क्रीन बसवला. सीट कव्हर शिवून घेतले. सिरॅमिक कोटिंग केलं. सगळे मिळून ४६ हजार रुपये. ऑइल बदललं का? "मालकाने नुकतंच बदललंय म्हणे." ब्रेक? "लागतायत की!" सोसायटीत सगळे फोटो काढत होते, आपण एकदम खूश.

तिसऱ्या आठवड्यात आई आणि मावशीला महाबळेश्वरला घेऊन गेलो. जाताना काही नाही, गाडी लोण्यासारखी. परत येताना पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरायला लागलो. गिअर ऑटोमॅटिक, लिव्हर डी वर, आणि माझा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. तीन-चार वळणं झाली आणि पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाआधी पाय दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. गाडीचा वेग मात्र तसाच. मागे मावशी स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर हात ठेवून बसलेली, आई तिला काहीतरी सांगतेय.

हात हँडब्रेककडे गेला, आणि तिथे काहीच नव्हतं. कारण या गाडीला हाताचा ब्रेक नाही. पायाशी एक वेगळं पेडल असतं, पार्किंग ब्रेकचं. तीन आठवड्यांत मी ते फक्त गाडी उभी करताना वापरलेलं. त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. सुचलं ते एवढंच की लिव्हर डी वरून ३ वर आणि मग २ वर ओढला. इंजिन ओरडलं, गाडी आवळली गेली, आणि पेडल भराभर पंप करून कसाबसा थोडा ब्रेक आला. वळणाच्या पुढे डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती, तिथे गाडी उभी केली. आई म्हणाली, "काय रे, का थांबलास?" मी म्हटलं, "व्ह्यू बघू या." [हसतो] हात थरथरत होते.

अर्ध्या तासाने पेडल परत कडक झालं. पूर्ववत. मी दोनच्या गिअरमध्ये, रांगत खाली आलो. दुसऱ्या दिवशी कोणाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, "अरे, ब्रेक तर एकदम टाइट आहे." हेच यातलं फसवं आहे.

नंतर ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी ब्रेक ऑइल बाटलीत काढून दाखवलं. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं. हे चहासारखं होतं. काका म्हणाले, "यात पाणी आहे. पाणी तापलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. आणि तू घाट डी मध्ये उतरलास, म्हणजे ते पाणी तूच उकळवलंस." दोघांचीही चूक, ऑइलची आणि माझी.

हे नीट समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, त्याचा स्वभावच आहे तो. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक सहज तेवढे तापतात. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. शहरात गाडी कितीही कमी चालली तरी. उभ्या गाडीतही पाणी मुरतंच.

त्या दिवशी काकांनी मला एक गोष्ट सांगितली, तोच आजच्या भागाचा मुद्दा. "गाडीची किंमत उतरली. पार्टची उतरली नाही." पावणेतीन लाखांना घेतली म्हणून ती पावणेतीन लाखांची गाडी होत नाही. तिचे बुश, तिचे पंप, तिची मजुरी अजून श्रीमंत माणसाच्याच गाडीची आहे. त्यामुळे खिशात गाडीइतकेच पैसे आणखी नसतील तर ती घेऊच नका. आणि असतील, तर ते कुठल्या क्रमाने खर्च करायचे ते आधी ठरवा.

काकांचा क्रम असा. आधी गाडी थांबली पाहिजे. मग वळली पाहिजे. मग पेटता कामा नये. मग गरम होऊन रस्त्यात बसता कामा नये. एसी, गाणी आणि चमक शेवटी.

थांबण्यापासून सुरुवात केली. पुढच्या डिस्क, सगळे पॅड, कॅलिपरचे रबर, चारही चाकांचे ब्रेक होज आणि नवं ऑइल. ३२ हजार. होज बाहेरून बरे दिसत होते. काकांनी वाकवून दाखवले, तर चिरा उघडल्या.

टायरना तर भरपूर नक्षी शिल्लक होती. पण टायरच्या बाजूला डॉट अक्षरांनंतर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. माझ्या टायरवर होतं २३१४. म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. मी दगडावर गाडी चालवत होतो. एक बरं, या गाडीचा साइज १९५/६५ आर १५, साध्या गाड्यांनाही लागणारा. त्यामुळे चार टायर २२ हजारांत झाले.

मग वळणं. पुढचे कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टचं रबर कपलिंग. ५८ हजार. जुन्या गाडीत लोखंडाआधी रबर मरतं, हे लक्षात ठेवा. किलोमीटर कमी असले तरी रबराला वय असतंच. "फक्त साठ हजार चालली आहे" हे ऐकून मीही भुललो होतो.

मग आग. पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्या होत्या. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९६ ची गाडी बनवताना कोणी तो विचार केलेला नव्हता. म्हणून इंजेक्शनचा दाब सोसेल आणि इथेनॉलला टिकेल अशी नळी घालून घेतली, फिल्टर बदलला. सात हजार. इतक्या कमी पैशात इतकी शांत झोप दुसऱ्या कशाने मिळाली नाही. शिवाय इंजिनवरच्या वायरिंगचं आवरण इतक्या वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखं तुटत होतं. जुने कनेक्टर ठेवून सगळ्या वायरी नव्या ओढून घेतल्या. ४५ हजार, आणि तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये.

शेवटी कूलिंग. रेडिएटर, होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. ३६ हजार. आधीच्या कोणीतरी नळाचं पाणी भरलं होतं, आत गाळ साचलेला. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे, ते आतला धातू गंजू देत नाही. आणि मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड पाणी.

बेरीज करा. बरोबर दोन लाख. आणि एसी अजून झालेला नाही. आतला इव्हॅपोरेटर गळतोय, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो पुढच्या वर्षी. यंदाचा एप्रिल मर्सिडीजमध्ये काचा खाली करून काढला. सिग्नलला रिक्षावाले बघायचे, मी मान डोलवायचो.

आता पार्ट कुठून आणायचे? घाबरू नका, पण घाईही करू नका. प्रत्येक भागाला नंबर असतो. गाडीच्या चासिस नंबरवरून तो नंबर शोधायचा आणि तोच घेऊन दुकानात जायचं. "पुढचा बुश द्या" असं म्हटलं की चुकीचा बुश मिळतो. दुसरं, गाडीची कंपनी सगळंच स्वतः बनवत नाही. बॉश, लेमफोर्डर, मान, झाक्स असे पुरवठादार असतात. त्यांच्या खोक्यातला भाग बऱ्याचदा तोच असतो, किंमत कमी. पुण्यात नाना पेठ आहेच, मुंबईत जुन्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण जुना माल कुठला घ्यायचा? दाराचं हँडल, दिवा, आतलं लाकूड. ब्रेक, स्टीअरिंग आणि इंधनाचं काहीही जुनं घ्यायचं नाही. तिथे जुगाड नाही.

अपडेटबद्दल बोलायचं राहिलं. तो टचस्क्रीन आठवतोय? बसवणाऱ्याने मूळ रेडिओचा कनेक्टरच कापला होता. मला तो एकेक वायर शोधून, डाख देऊन परत जोडून घ्यावा लागला. आता जुना रेडिओ जागेवर आहे आणि ब्लूटूथचा छोटा डबा ग्लोव्हबॉक्समध्ये. त्यातून मी एक नियम केलाय: जो बदल तासाभरात काढून गाडी मूळ रूपात येते, तोच करायचा. दिव्यांचंही तसंच. जास्त वॅटचे बल्ब घातले की जुन्या वायरी आणि स्विच तापतात. आणि जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रंग बदलायचा असेल तर तो आरसीवरही बदलावा लागतो, आणि गाडीच्या मूळ रचनेतले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात. इंजिन बदलण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारा.

काही अपडेट फुकटही असतात. पावसाळ्यात माझा वायपर आळसावला होता. या गाडीचा वायपर नुसता फिरत नाही, फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो, म्हणून एकटाच काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या आतलं ग्रीस सुकलं होतं. काकांनी उघडला, पुसला, ग्रीस भरलं. पैसे घेतले नाहीत. वायपरखालच्या खाचेतली कुजलेली पानंही काढली. ती तिथे साचली की पाणी थेट केबिनमध्ये उतरतं.

आता ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. आरसीवरची मुदत बघा. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. गाडी २० वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून चारचाकीचं हे शुल्क १०,००० रुपये झालंय, आणि महाराष्ट्रात हरित कर वेगळा. रीलवर फार स्वस्त दिसणारी गाडी दिल्लीची असेल तर तिथली एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स किमतीत धरा. इंजिन थंड असताना गाडी बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर तासभर चहा प्या. जॅक लावायच्या जागेवरची झाकणं काढून गंज बघा. आणि एकदा रॅम्पवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. हे सगळं मी केलं असतं तर त्याच गाडीचे निदान पन्नास हजार कमी दिले असते.

"मग दादा, पश्चात्ताप होतो का?" गाडीचा नाही. त्या ४६ हजारांचा होतो. ते पैसे पहिल्या दिवशी ब्रेकला लावले असते, तर मावशी आणि आईला घेऊन मी तशा गाडीत घाट उतरलोच नसतो. आईला मी खरं काय झालं ते दोन महिन्यांनी सांगितलं. ती काही बोलली नाही. गेल्या रविवारी पुन्हा वाईला निघालो, तर गाडीत बसायच्या आधी म्हणाली, "ते ऑइल कधी बदललंस?" मी तारीख सांगितली. मग दार उघडलं.

आजचं काम एवढंच. तुमची गाडी कुठलीही असो, वॅगन आर असो की ऑडी, खाली जा, टायरवरचे चार आकडे वाचा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून बघा. आठवलं नाही, तर तेच उत्तर समजा.

भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा, आणि घाट उतरताना गिअर खाली ठेवा.