पाच वेळांची हवा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुधात पाणी किती, हे आपण रोज पाहतो. श्वासात धूर किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रदूषण हा मुंबई-दिल्लीचा रोग, बारामती-इंदापूर म्हणजे नीरा-भीमेचा मोकळा मुलूख, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

हवा दिवसभर एकसारखी नसते. नमाजाच्या पाच वेळा डोळ्यांपुढे ठेवल्या की तिचे गणित चटकन समजते. फजरची वेळ घ्या. हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार. चुली, बंब, बेकरीच्या भट्ट्या, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, या सर्वांचा धूर मग वर जाऊ शकत नाही. पहाटे नदीकाठी जो पांढरा पट्टा दिसतो, तो सगळाच धुके नसतो. ऊन वर आले की जमीन तापते, झाकण उघडते. जोहरपर्यंत हवा बरीच मोकळी होते आणि असरच्या सुमारास बहुधा सर्वांत बरी असते. (उन्हाळ्यात भर उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन तयार होतो, ती गोष्ट वेगळी.) मगरीबनंतर वारा पडतो, चुली पेटतात, आणि ईशापर्यंत झाकण पुन्हा बसू लागते.

अलिबाग-मुंबईकडे दुपारी समुद्रावरून वारा येतो व हवा धुऊन नेतो. आपल्याकडे ती सोय नाही. उजनीचा फुगवटा कितीही मोठा असला तरी समुद्राचे काम तो करीत नाही. आपली हवा धुतली जाते ती पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने. तो थांबला की थंडी येते, आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम सुरू होतो.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, एवढे कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्यावर हजारो घरे चालतात, आपल्यातलीही कितीतरी. तेव्हा कारखाने वाईट, असे मी म्हणणार नाही. पण ऊस तुटल्यावर हेक्टरी सुमारे आठ-दहा टन पाचट शेतात राहते आणि ते पेटवले जाते. त्याची काळी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली की घरोघर आरडाओरडा होतो. वास्तविक ती काजळी तितकी घातक नाही, ती नाकातच अडते. घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो फुप्फुसात खोलवर जातो आणि त्याहूनही बारीक असला तर रक्तात उतरतो. आपल्या देशात अशा कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सुचविले.

शेतकरी हौसेने पाचट जाळीत नाही. खोडवा लवकर धरायचा असतो, मजूर मिळत नाही. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने यासाठी ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र तयार केले आहे. पाचट शेतात असतानाच बुडखे छाटणे, बगला फोडणे, जुन्या मुळ्या तोडणे आणि खत पेरणे ही कामे ते एकाच फेरीत करते. ज्यांची शेती आहे त्यांनी ते एकदा जाऊन पाहावे. बारामतीपासून ते लांब नाही.

आता घरातले बोलतो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर आला, पण अंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून बंबावरच तापते, आणि बंबात लाकडाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या व जुन्या चपलाही जातात! तो धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? पहाटे उठणाऱ्या आईच्या आणि तिला मदत करणाऱ्या मुलीच्या. वाटेतला काटा बाजूला करणे हे ईमानचे अंग आहे, असे आपण मुलांना शिकवतो. मोहल्ल्यामागे पेटवलेला कचराही वाटेतलाच काटा आहे. बंद खोलीतले लोबान व डासांची कॉइल यांचेही तसेच; खिडकी उघडी असावी. आपल्यातले जे बांधव कापूस पिंजतात किंवा भट्टीवर काम करतात, त्यांचा खोकला जुना झाला तर औषधाच्या दुकानातून बाटली आणून भागवू नये, डॉक्टरांना छाती दाखवावी.

शेवटची गोष्ट आमच्या वरच्या वर्गातल्या मुलांची. पोलीस भरतीसाठी ही मुले डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला हमरस्त्याच्या कडेने धावतात. धावणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा ओढतो, आणि ती घटका दिवसातल्या सर्वांत वाईट हवेची. त्यांची जिद्द मोठी आहे, वेळ चुकीची आहे. थंडीचे दोन महिने हा सराव शाळेच्या मैदानावर दुपारी चार वाजता घ्यावा, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवीत आहे. अडचण एकच आहे. त्या वेळी बरीच मुले वडिलांच्या दुकानावर, गाड्यावर, गॅरेजमध्ये बसतात. पालकांनी तेवढा एक तास त्यांना मोकळे सोडावे. किती पालक तयार आहेत, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत.

खुदा हाफिज.