यात्रा आणि आठवडे बाजार
(अध्यक्षीय भाषण, तोरणमाळ)

फुटबॉलचे क्लब अधिक मोठी, अधिक महत्त्वाकांक्षी मैदाने बांधू किंवा भाड्याने घेऊ पाहतात तेव्हा ती मैदाने भरतील का, हा प्रश्न या परिषदेच्या विचारार्थ ठेवताना आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मैदानाची धारणक्षमता, म्हणजे तेथे एका वेळी किती प्रेक्षक सुरक्षितपणे बसू शकतात तो आकडा, हा स्थापत्याचा विषय आहे आणि पैसा असेल तर तो हवा तितका वाढवता येतो. मैदान भरणे हा समाजजीवनाचा विषय आहे, आणि तो समजून घेण्यासाठी तोरणमाळसारखे ठिकाण महानगरांहून अधिक उपयोगी पडते. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या दर्शनासाठी भाविक घाट चढून या पठारावर येतात आणि एरवी शांत असणाऱ्या यशवंत तलावाच्या परिसरात पाय ठेवायला जागा उरत नाही. याच सातपुड्यात धडगावला आणि मोलगीला दर आठवड्याला बाजार भरतो, तेथे पावरा आणि भिल्ल कुटुंबे आमचूर, चारोळी, मोहफुले घेऊन उतरतात, मीठ, तेल, कापड घेऊन परततात, आणि बाजाराच्या दिवशीच सोयरिकीचे बोलणे व उसनवारीचा हिशेबही उरकतात. दोन्ही ठिकाणी गर्दीच जमते, परंतु यात्रेची गर्दी वर्षातून एकदा येणाऱ्या ओढीने जमते आणि बाजाराची गर्दी गरज, ओळख व सवय यांच्या बळावर आठवड्यामागून आठवडे टिकते. फुटबॉलचा क्लब हंगामभर पुन्हा पुन्हा घरच्या मैदानावर खेळतो, म्हणजे त्याला बाजाराची गर्दी लागते. महाराष्ट्रातील व्यावसायिक क्लबांची मैदाने मात्र बहुधा यात्रेच्या गर्दीवर डोळा ठेवून निवडली गेली, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

मुंबई सिटी या क्लबचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा या क्लबने आपले घर म्हणून नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम घेतले, ज्याची धारणक्षमता तेव्हा पंचावन्न हजारांच्या आसपास सांगितली जात होती, आणि पहिल्याच घरच्या सामन्यात पुणे सिटीचा ५-० असा पराभव करून प्रारंभही दणक्यात केला. तरीही दोन हंगामांनंतर, २०१६ मध्ये, क्लब अंधेरीच्या क्रीडा संकुलातील फुटबॉल अरेनामध्ये गेला, जेथे जेमतेम आठ-नऊ हजार प्रेक्षक बसू शकतात. या स्थलांतरात माघार दिसत असली तरी त्यामागे व्यवहाराचे शहाणपण होते. नेरूळचे मैदान क्रिकेटसाठी, म्हणजे लंबवर्तुळाकार, बांधलेले आहे. त्यात फुटबॉलचा आयत आखला की गॅलरी आणि खेळाडू यांच्यामध्ये हिरवळीचा रुंद पट्टा उरतो आणि चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. शिवाय अंधेरी किंवा बोरिवलीच्या चाकरमान्याने कामाच्या दिवशी संध्याकाळी गाडी बदलून हार्बर मार्गाने नेरूळ गाठायचे, सामना संपल्यावर तितकाच प्रवास उलट करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडायची, हे वर्षातून एकदा होते. पंधरवड्यातून एकदा होत नाही.

अंधेरीतही जागा भरतातच असे नाही, हे १ जून २०१८ रोजी साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवशी आंतरखंडीय चषक स्पर्धेत भारताने चिनी तैपेईवर ५-० असा विजय मिळवला, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि हे सारे पाहण्यासाठी नोंदले गेलेले प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून, हात जोडून, लोकांना मैदानात येण्याचे आवाहन केले. शिव्या द्यायच्या असतील तरी द्या, पण मैदानात येऊन द्या, असा त्याचा आशय होता. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना हा छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, त्याची तिकिटे संपली आणि भर पावसात गॅलऱ्या तुडुंब भरल्या. तीन दिवसांत शहराची लोकसंख्या बदलली नव्हती, संघही तोच होता आणि मैदानही तेच होते. बदलली होती ती एकच गोष्ट, की आपली कोणीतरी वाट पाहत आहे हे लोकांना कळले. भारतीय कर्णधाराला अशी विनवणी करावी लागली याची खंत बाळगावी, तशीच त्या विनवणीला मिळालेल्या उत्तराची नोंदही घ्यावी.

एखाद्या दिवसापुरती गर्दी जमते, हे दुसऱ्या टोकाने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सिद्ध झाले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशिया खंडातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, मुंबई सिटीची गाठ सौदी अरेबियाच्या अल हिलालशी पडली, तो सामना पुन्हा डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठेवला गेला आणि सुमारे तीस हजार लोक आले. अल हिलालच्या ज्या नेमारच्या ओढीने अनेकांनी तिकिटे काढायचे ठरवले होते, तो तर आधीच्याच महिन्यात जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला होता. म्हणजे मुंबईत फुटबॉलसाठी नेरूळपर्यंत जाणारे तीस हजार लोक आहेत, याबद्दल शंका नको. ती यात्रा होती, आणि यात्रा भरते. त्यावरून दर पंधरवड्याचा अंदाज बांधणारा माणूस मात्र फसतो.

बाजाराची गर्दी महाराष्ट्रात पाहायची असेल तर कोल्हापूरला जावे लागते. तेथील फुटबॉल तालमींचा आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पेठेतील पोरांनी पहाटे उठून जोर-बैठका माराव्यात, लाल माती अंगाला लावावी, यासाठी उभी राहिलेली ही संस्था पुढे गणेशोत्सव, मदतकार्य आणि फुटबॉल या सर्वांचे केंद्र झाली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावे तालमींचीच नावे आहेत, आणि त्यांच्याबरोबर शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी असे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेत उतरतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात माणसे डोक्याला रुमाल बांधून बसतात, हलगी वाजत असते, आणि चेंडू बाहेर गेला तरी तो कोणाच्या चुकीने गेला याचा निवाडा करणारे आजोबा आणि त्यांचा नातू एकाच पायरीवर असतात. पेठेतला हा प्रेक्षक चालत येतो. मैदानात धावणारा बचाव खेळाडू हा त्याच्या गल्लीतला असतो, त्याच्या आईला तो ओळखतो, आणि संघ हरला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर समोरच्या पेठेला तोंड दाखवायचे असते. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतून आला. या ईर्षेची काळी बाजूही लपवू नये. समर्थकांच्या हाणामारीमुळे सामने थांबवावे लागले आहेत आणि त्यामुळे अनेक घरांतील स्त्रियांना मैदानाची वाट बंद झाली आहे, ज्याची किंमत त्या फुटबॉललाच मोजावी लागते.

कोल्हापुरात मोठ्या मैदानाचा एक जुना धडाही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या प्रेरणेने खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी ती रचना असून अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी याचा विचार तीत आहे. हजारोंच्या या मैदानाला महत्त्वाकांक्षी म्हणावेच लागेल, पण ते बांधले जाण्याआधी संस्थानात तालमी होत्या, मल्लांना राजाश्रय होता आणि गावोगावच्या जत्रांत कुस्त्या लागत होत्या. गर्दी आधी होती. महाराजांनी तिला बसायला जागा दिली.

युरोपातही याहून निराळे घडलेले नाही. इंग्लंडमधील डार्लिंग्टन या तेव्हा चौथ्या श्रेणीत असलेल्या क्लबने २००३ मध्ये पंचवीस हजारांचे मैदान उघडले, पहिल्या सामन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास माणसे आली, नंतर ती दोन-तीन हजारांवर उतरली आणि त्या खर्चाच्या ओझ्याखाली क्लब पुन्हा पुन्हा दिवाळखोरीच्या दारात गेला. इटलीच्या युव्हेंटसची गोष्ट अधिक उद्बोधक आहे, कारण तो क्लब गरीबही नव्हता आणि अनोळखीही नव्हता. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या तूरिनच्या देल्ले आल्पी मैदानात सुमारे एकोणसत्तर हजार लोक बसत, परंतु भोवतीच्या धावपट्टीमुळे खेळ दूर दिसे, आणि २००१-०२ च्या हंगामात इटालियन चषकाच्या एका सामन्याला तेथे २३७ प्रेक्षक होते. क्लबने ते मैदान पाडले आणि त्याच जागी २०११ मध्ये सुमारे एक्केचाळीस हजारांचे, धावपट्टी नसलेले मैदान उभारले.

मैदान लहान ठेवावे, इतकाच अर्थ यातून काढला तर तो अपुरा ठरेल. लहान मैदानाचीही शिक्षा असते. आशियाई स्पर्धेच्या अटींत अंधेरीचे मैदान बसले नाही, म्हणून मुंबई सिटीला घरचे इतर सामने पुण्यात बालेवाडीला न्यावे लागले, आणि मुंबईकराला आपल्याच संघाचा घरचा सामना पाहण्यासाठी घाट चढणे भाग पडले. परंतु महाराष्ट्रातील खरी दुखरी जागा आकाराची नाही, सातत्याची आहे. मुंबईच्या कुपरेज मैदानावर १८९१ पासूनची परंपरा सांगणारी रोव्हर्स चषक स्पर्धा २००० च्या सुमारास बंद पडली. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब २०१० मध्ये विसर्जित झाला, २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी दहा वर्षांत संपला, आणि पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढेच जगून त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली. फ्रँचायझी म्हणजे लीगने ठरावीक शुल्क घेऊन एखाद्या शहराच्या नावाने संघ चालवण्याचा दिलेला हक्क. तो हक्क विकता येतो, हलवता येतो, पण वडिलांनी मुलाला खांद्यावर बसवून मैदानात नेण्याची सवय त्याबरोबर हलत नाही. हंगामी तिकीट, म्हणजे वर्षभराच्या सर्व घरच्या सामन्यांसाठी एकदाच काढलेले तिकीट, हे क्लबवरच्या विश्वासाचे पत्र असते, आणि पुढच्या वर्षी क्लब असेल की नाही हेच ठाऊक नसेल तर ते पत्र कोणी का लिहावे? बाजाराचा दिवस दर दोन-चार वर्षांनी बदलला आणि जागाही बदलली, तर धडगावचा बाजारसुद्धा मोडेल.

नंदुरबार जिल्ह्यासारख्या भागात उद्या फुटबॉलचे मैदान करायचे ठरले, आणि आश्रमशाळांतील मुलामुलींचे पाय पाहता ते ठरावे अशी मनापासूनची इच्छा येथे व्यक्त करणे अस्थानी होणार नाही, तर पहिला खर्च खुर्च्यांवर करू नये. उताराच्या बाजूने मातीचे दोन बांध घालून त्यावर पायऱ्या काढाव्यात, आयताच्या रेषेपासून पहिली पायरी चार-पाच पावलांवर असावी, कडेने सावलीची झाडे लावावीत, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी बंद दाराची, पाणी असलेली स्वच्छतागृहे पहिल्या दिवसापासून असावीत. सामने तालुक्याच्या बाजाराच्या दिवशीच ठेवावेत, कारण त्या दिवशी पाड्यापाड्यांतून माणसे उतरलेलीच असतात. आश्रमशाळांचे संघ त्यांच्या गावांच्या नावाने उतरवावेत. आणि बांध पाठोपाठ दोन हंगाम गच्च भरल्याशिवाय तिसरा बांध घालू नये. सामन्याची वेळही अशी धरावी, की शेवटची शिट्टी वाजल्यावर प्रेक्षकाला मैदानातून बसथांब्यापर्यंत चालत जाऊन आपल्या पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी मिळेल.