मागच्या बाकावरचा खोकला



संगीताच्या तासाला बाईंनी सिंफनी ऐकवली, तेव्हा आपण मागच्या बाकावर खिदळत होतो. सगळ्यांत जास्त मी. पुढे तोच नाद मला लागला.

त्यातलं एक ध्वनिमुद्रण १६ जानेवारी १९३८ चं. व्हिएन्नात ब्रूनो वॉल्टर माहलरची नववी सिंफनी सादर करत होते. १९१२ मध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आणली तीही त्यांनीच. तबकडीच्या एका बाजूवर तेव्हा जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. तरी अख्खी सिंफनी मुद्रित झाली, श्रोत्यांच्या खोकण्यासकट. दोनच महिन्यांत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वॉल्टर ज्यू, त्यांना व्हिएन्ना पारखी झाली. त्या दिवशी व्हायोलिनवादकांच्या अग्रभागी बसलेले आर्नोल्ड रोझे, माहलरचे मेहुणे, लंडनला गेले आणि तिथेच वारले.

पूर्वी तो खोकला मला खटकायचा. आता वाटतं, ती माणसं त्या दिवशी एकत्र बसली होती, याची ती खूण आहे.

बाई आज नाहीत. त्यांचा आवाज आपल्यापैकी कुणाकडेच नाही. म्हणून आज कुणी मोबाइलवर मुद्रण करत असेल, तर करू द्या. मागच्या बाकांनो, खुशाल खोका, हसा. फक्त ते जपून ठेवा.