हौशी रेडिओची परीक्षा आणि मराठी वाचनालय

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, स्मरणिकेसाठी लिहून काढलेला मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी मला वाटेत थांबवले आणि विचारले, "सर, हौशी रंगभूमी आम्हांला ठाऊक आहे. हे हौशी रेडिओ म्हणजे श्रुतिका बसवणारी मंडळी काय?" प्रश्न रास्त होता. पाचसहा वर्षांपूर्वी मलाही याहून अधिक सांगता आले नसते. म्हणून आरंभीच खुलासा करतो. हौशी रेडिओ म्हणजे सामान्य नागरिकाने, केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन व परवाना घेऊन, स्वतःच्या घरी उभारलेले बिनतारी संदेशाचे केंद्र. या केंद्रावरून बोलता येते आणि ऐकताही येते. त्यातून पैसा मिळवायचा नसतो. जगभर अशा मंडळींना 'हॅम' म्हणतात. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हे त्यांपैकीच एक होते. व्हीयू-२-आरजी हे त्यांचे संकेतनाम.

मराठीच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्यावर माझ्याजवळ एक थोर दाखला आहे. १९३५ साली म्हैसूर येथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी', आणि पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. हे गृहस्थ मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, अभियंते नव्हते. मी मात्र या वाटेला लागलो तो हौसेने नव्हे, पुरामुळे.

ऑगस्ट २०१९ मधला महापूर आपणांपैकी कोणीच विसरलेले नाही. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, साऱ्याच एकदम चढल्या. पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. गावोगावची वीज गेली आणि विजेपाठोपाठ मोबाइलही मुके झाले. माझी थोरली बहीण नदीकाठच्या एका खेड्यात होती. माझ्या दारापासून तिचे घर पस्तीस किलोमीटरही नसेल. तीन दिवस तिची खबर मिळाली नाही. चौथ्या दिवशी ती सुखरूप असल्याचे कळले, तेही गावातून होडीने बाहेर आलेल्या एका परक्या माणसाच्या तोंडून. तीन दिवसांत मी तिला किमान शंभर वेळा फोन लावला असेन.

पूर ओसरल्यावर आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पाच मुले माझ्याकडे आली. त्यांतल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने हौशी रेडिओविषयी वाचले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम भगिनी आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या गेल्या होत्या छंदासाठी. परंतु इतर संपर्क तुटल्यावर त्यांच्याच केंद्रावरून अंदमानातल्या माणसांच्या खुशालीचे निरोप बाहेर गेले. हे वाचून मुलांनी परीक्षेला बसण्याचे ठरवले होते. अडचण एकच होती. पुस्तके इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी. "सर, आम्हांला हे मराठीत समजावून सांगा," असे त्यांचे म्हणणे. दहावीनंतर मी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते. तसे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग तुम्हीही परीक्षेला बसा." आणि मी बसलो.

या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. तिचा पाया १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमावलीने घातला. परीक्षेचे दोन भाग: एक रेडिओचे शास्त्र व व्यवहार, दुसरा नियमांचा. वरच्या श्रेणीसाठी त्यांखेरीज मोर्स संकेतलिपी घेण्याची व पाठवण्याची चाचणी. पूर्वी त्यासाठी मिनिटाला बारा शब्दांची गती लागे. पुढे ती आठ शब्दांवर आणण्यात आली. खालच्या, म्हणजे निर्बंधित श्रेणीला मोर्सची अट नव्हती. नियम वेळोवेळी बदलतात. २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदाही केला आहे. म्हणून अर्ज करणाऱ्याने त्या वेळचे नियम पाहूनच अर्ज करावा.

आमचा वर्ग दर रविवारी सकाळी याच इमारतीत, नियतकालिकांच्या खोलीत भरे. पहिल्या रविवारी ओहमचा नियम आला. शेतकऱ्यांच्या मुलांना तो पाटाच्या पाण्यावरून चटकन समजला. पाण्याचा दाब तो व्होल्ट, वाहणारे पाणी तो अँपिअर, पाटातला गाळ आणि गवत तो रोध. बारा व्होल्टच्या बॅटरीवर दोन अँपिअर घेणारे यंत्र चोवीस वॅटचे, आणि चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी ते हिशेबाने वीस तास चालवील. हे गणित फळ्यावर मांडताना माझ्या मनात आले की, त्या तीन रात्री बहिणीच्या गावात एक ट्रॅक्टर तरी उभा असेलच, आणि ट्रॅक्टरला बारा व्होल्टची बॅटरी असते.

पुढे शब्द अडू लागले. तेव्हा मी या वाचनालयाच्या कपाटातले मराठी विश्वकोशाचे खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यात आम्हांला हवे ते बहुतेक शब्द होते. फ्रीक्वेन्सीला कंप्रता, अँटेनाला आकाशक, रेझोनन्सला अनुस्पंदन, रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराला आयनांबर. अनुस्पंदन हा शब्द तर मला फार आवडला. झोक्याला त्याच्या लयीत हात लावला की थोड्या जोरात तो उंच जातो, लय चुकली की सारा जोर वाया. रेडिओवर केंद्र लावणे म्हणजे हीच लय साधणे. मॉड्युलेशनला मात्र 'विरूपण' म्हटलेले पाहून मुले हसली. "सर, म्हणजे लहरीला कुरूप करायचे?" मी सांगितले, वि-रूप म्हणजे रूप पालटलेले, वाहक लहर आपल्या आवाजाप्रमाणे रूप पालटते, इतकाच अर्थ. ट्रान्झिस्टर आणि डायोड हे शब्द आम्ही आहेत तसेच ठेवले. समजून घ्यायचे मराठीत, उत्तर द्यायचे इंग्रजीत, असा आमचा रिवाज ठरला. सभासदहो, त्या खंडांवर बरीच धूळ होती, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

तरंगलांबीचा धडा मी माझ्या पद्धतीने घेतला. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्येच, सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. तरी ही मंडळी जागा बदलत बदलत, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडली जाईपर्यंत बोलत राहिली. त्यांची लहर होती ४२.३४ मीटरची. मी मुलांना विचारले, तिची कंप्रता किती? तीनशेला ४२.३४ ने भागा. उत्तर आले सुमारे ७.०८५ मेगाहर्ट्झ. आज हौशी मंडळींना मोकळ्या असलेल्या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच ते बसते. त्या पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीचा आकाशक म्हणजे सुमारे वीस मीटर तार. आम्ही गच्चीवर जाऊन मोजले. आपल्या वाचनालयाच्या गच्चीवर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बरोबर बसते.

आता मोर्सविषयी. येथे मला वाटले, आपण घरच्या अंगणात आलो. टिंब आणि रेघ म्हणजे लघु आणि गुरूच. फरक इतकाच की, आपला गुरू दोन मात्रांचा आणि मोर्सची रेघ तीन टिंबांइतकी लांब. मी 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र फळ्यावर लिहिले आणि आठही गण मोर्सशी ताडून पाहिले, तर मोर्समधली तीन चिन्हांची आठ इंग्रजी अक्षरे म्हणजे नेमके आपले आठ गण निघाले! र गण म्हणजे के. हॅमच्या भाषेत त्याचा अर्थ 'आता तुम्ही बोला'. ज गण म्हणजे आर, 'पोचले'. न गण म्हणजे एस आणि म गण म्हणजे ओ. तेव्हा संकटात सापडलेले जहाज जो एसओएस पाठवते, तो आपल्या हिशेबाने न, म, न, म्हणजे 'नमन' होय. मला अतिशय आनंद झाला. तेवढ्यात ती मुलगी, जिने मला परीक्षेला बसवले होते, शांतपणे म्हणाली, "सर, हे सूत्र आम्हांला शाळेत कन्नडमध्ये होते." ती निपाणीजवळच्या खेड्यातली, घरी मराठी, शाळा कन्नड. खरेच आहे, कन्नड छंदःशास्त्रातही तेच गण आणि तेच सूत्र आहे. मी तीस वर्षे ते मराठीचे म्हणून शिकवीत आलो होतो.

आम्हांला मोर्स शिकवायला एक निवृत्त तारमास्तर येत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आपण घरात एकटेच दिवसभर जेवलो नाही, असे ते सांगत. माझे गणांचे कोष्टक पाहून ते म्हणाले, "प्रोफेसर, हे छान आहे, पण हे विसरल्याशिवाय तुम्हांला तार घेता येणार नाही." त्यांचे म्हणणे मला पटले नाही. बंगळूरला परीक्षेत मी प्रत्येक अक्षराचा गण मनात मांडीत बसलो, आणि मांडून होईपर्यंत पुढची चार अक्षरे निघून जात. मी मोर्समध्ये नापास झालो. ती मुलगी उत्तीर्ण झाली. तिने कोष्टक कधी पाहिलेच नव्हते. तारमास्तर तोंडाने वाजवीत आणि ती ऐके. कविता वाचताना आपण मात्रा मोजत नाही, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. स्वतःवर वेळ आल्यावर मात्र मी मोजत राहिलो. आज माझ्याजवळ निर्बंधित श्रेणीचेच प्रमाणपत्र आहे. मोर्सला मी पुन्हा बसणार आहे.

नियमांचा भाग मुलांना रटाळ वाटे. मला तोच सर्वांत शिकवणारा वाटला. बोलण्यापूर्वी ती कंप्रता कोणी वापरीत नाही ना, हे ऐकून घ्यायचे. आपले संकेतनाम सांगायचे. निनावी बोलायचे नाही. प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत ठेवायची. गाणी, जाहिराती, व्यापार आणि राजकीय वादाचे विषय वर्ज्य. आणखी एक गोष्ट. अमेरिकेत संकेतनामातला अंक मुळात प्रदेश दाखवी. आपल्याकडे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ यांतला अंक परवान्याची श्रेणी दाखवतो. राज्य कोणते, हे त्यावरून कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्यांना कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर आपले राज्य कोणते हे वाचून दाखवले जाते, त्यांना या गोष्टीचे किती अप्रूप वाटेल, हे मी येथे सांगायला नको. सीमाप्रश्नाविषयी माझी मते आपणांस ठाऊक आहेत आणि ती बदललेली नाहीत. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु पुन्हा पूर येईल, २०२१ मध्ये तो आलाही, आणि तेव्हा वेदगंगेच्या या काठावरून त्या काठाशी बोलणारा कोणीतरी लागेल.

शेवटी वाचनालयाकडे येतो. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ही संस्था काढली, ती मराठी माणसाला वाचायला मिळावे म्हणून. आपण आज मराठी टिकवण्याविषयी बोलतो, तेव्हा डोळ्यांसमोर कथा, कविता, नाटक असते. ते असावेच, माझा चरितार्थ त्यावर चालतो. पण पाच मुलांना परीक्षेची तयारी करायची होती आणि त्यासाठी त्यांच्या भाषेतले एक पुस्तक या कपाटांत नव्हते, ही गोष्ट मला टोचत राहिली आहे. जी भाषा फक्त सणावारी आणि मोर्च्यात उपयोगी पडते, ती मुले फार दिवस वापरणार नाहीत. आमच्या रविवारच्या टिपणांच्या तीन वह्या झाल्या आहेत. त्यांचे लहानसे पुस्तक करण्याची माझी तयारी आहे. आश्रयदात्यांनी छपाईचा भार उचलावा, अशी विनंती करतो. दुसरी विनंती गच्चीची. त्या वीस मीटर तारेला तेथे जागा मिळावी. परवानाधारक आता आपल्यातच आहेत.

तिसरी विनंती लहान आहे. तारमास्तर गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची पितळी कळ त्यांच्या चिरंजीवांनी वाचनालयाला दिली आहे. ती काचेच्या पेटीत ठेवण्याचा विचार चालला आहे, असे ऐकतो. कृपा करून तसे करू नये. ती रविवारच्या वर्गात टेबलावर असू द्यावी. मला अजून तिच्यावर सराव करायचा आहे.