बंदुकीचं कपाट आणि दोन किल्ल्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

श्रीवर्धन तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, मावश्या आणि हातातलं काम न सोडता रेडिओ ऐकणाऱ्या लेकीसुना, आजचं बोलणं तुम्हा सगळ्यांसाठी.

आजचा विषय आहे घरातली बंदूक आणि ती ठेवायचं कपाट. काही जणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय? परवाना पुरुषाच्या नावावर, राखणीला जाणार पुरुष. खरं आहे. पण बंदूक वाडीत असते चार तास आणि घरात असते वीस तास. आणि घर कोण सांभाळतं? आपणच ना?

आपल्याकडे बंदूक आली ती शेतीच्या राखणीसाठी. नारळ-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरं, कलमांच्या बागा. माकडं कोवळे नारळ पाडतात, डुकरं एका रात्रीत शेत उकरून ठेवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर लेकरासारखी जपलेली रोपं डुकराने उपटली की जीव जळतो. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेली घरं आपल्या गावांत आहेत. बहुतेकांकडे जुनी ठासणीची बंदूक, काहींकडे काडतुसाची. एक मात्र ध्यानात ठेवा. हा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नाही. रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे सासरे शिस्तीचे होते. बंदूक माजघरात भाताच्या कणगीमागे उभी असायची, वर गोणपाट टाकलेलं. सगळ्यांना वाटायचं, कुणाच्या नजरेला पडत नाही. एका दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं. मी आणि माझी जाऊ मागीलदारी फराळाची भांडी घासत होतो. माझा पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. लपाछपी खेळताना तो नेमका कणगीमागे लपला. पुढे एवढा मोठा आवाज झाला की माझ्या हातातली परात खाली पडली. धावत आत गेलो तर घरभर धूर आणि पोर भिंतीला टेकून थरथरतंय. नळी वरच्या बाजूला होती म्हणून छर्रे कौलांत गेले. त्याच्या शेजारी माझी धाकटी मुलगी उभी होती. नळी हातभर खाली असती तर आज मी इथे बोलायला बसले नसते.

सासरे ओट्यावर बसून रडले. आदल्या रात्री राखणीला जाऊन आले होते, डुक्कर आलंच नाही, आणि ठासलेली बंदूक तशीच आणून ठेवली होती. फुटलेल्या जागी आम्ही नवी कौलं घातली. बाकीची शेवाळाने काळी आणि तेवढीच तीन लाल, कितीतरी वर्षं तशी दिसत होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. लपवणं म्हणजे कुलपात ठेवणं नव्हे. आपण लाडवाचा डबा कुठे लपवतो ते पोरांना माहीत असतं. मग बंदूक कशी माहीत नसेल?

म्हणून पहिली गोष्ट कपाटाच्याही आधीची. ठासलेली किंवा काडतूस भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत येता कामा नये. ठासणीची बंदूक रिकामी करणं किचकट असतं, म्हणून माणसं कंटाळा करतात आणि उद्या लागेलच म्हणून तशीच ठेवतात. तुम्ही फक्त विचारा, "नळी रिकामी आहे ना? गज घालून दाखवा." बंदूक रिकामी असताना गज नळीत जिथवर जातो तिथे गजावर खूण करून ठेवायला सांगा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर आत काहीतरी आहे. हे काम ज्याच्या नावाचा परवाना आहे त्याचं. आपण बंदूक हाताळायची नाही, नळीत डोकावायचं तर मुळीच नाही. पण विचारायचा हक्क आपला आहे.

आता कपाट. परवाना घेताना बंदूक सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते, २०१६ च्या शस्त्र नियमांत तसं आहे. म्हणजे कपाट ही हौस नाही, दिलेला शब्द पाळणं आहे.

आधी माप. ठासणीची बंदूक लांब असते, पुष्कळदा चार फुटांच्याही वर. घरातल्या लोखंडी कपाटाच्या तिजोरीत ती मावत नाही. मापासाठी बंदूक बाजारात न्यायची नाही. घरीच सुतळीने माप घ्यायला सांगा, वर चार बोटं जागा धरा, आणि ती सुतळी वेल्डिंगवाल्याकडे न्या.

दुसरं, पत्रा. पत्र्याची जाडी गेजवर सांगतात आणि इथे हिशोब उलटा असतो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. साध्या कपड्यांच्या कपाटाचा पत्रा वीस-बावीस गेजचा असतो, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. पहारीने दोन मिनिटांत वाकतो. बंदुकीसाठी सोळा गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरच्या वरचा पत्रा मागा. जाड मिळाला तर उत्तम. दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला हव्यात. बाहेर असल्या तर कुलूप कितीही भारी असो, चोर बिजागरी कापतो.

तिसरं, जागा. नुसतं उभं केलेलं कपाट चार माणसं उचलून टेम्पोत घालतात. ते भिंतीला आणि जमिनीला आतून बोल्टने धरलेलं पाहिजे. आपल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा ठिसूळ, छोटा स्क्रू काही दिवसांत हलायला लागतो. म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार घालून मागे लोखंडी पट्टी लावायला सांगा. पावसाची झड घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट नको, मधल्या कोरड्या भिंतीला घ्या. आणि ओटीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं तर नकोच.

चौथं, खारी हवा. आपल्याकडे विळीला गंज चढतो, तिथे कपाटाची काय कथा? आतून-बाहेरून रेड ऑक्साईड मारून मगच रंग द्या. खाली चार बोटं उंचीचे पाय हवेत. बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत घालून कपाटात ठेवू नका, खोळ ओल धरते. तेलाचा हलका हात फिरवून मोकळी उभी करावी. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

पाचवं, कुलूप. हल्ली आकड्यांची आणि बोटाच्या ठशाची कुलपं येतात. शहरात ठीक असतील. इथे खाऱ्या हवेत त्यांच्या तारा लवकर खराब होतात, बॅटरी उतरते. आणि बोटाच्या ठशाचं म्हणाल तर रेशन दुकानात आपला अंगठा किती वेळा उमटतो ते आठवा. सुपारी सोलून आणि मासळी साफ करून घासलेली बोटं ती! आपल्याला साधं, मजबूत, किल्लीचं कुलूपच बरं.

पण एक नाही, दोन कुलपं. आज मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हेच.

आपल्या गटाची पैशांची पेटी आठवा. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. का? आपला एकमेकींवर विश्वास नाही म्हणून? नाही. कुणा एकीवर मोह पडण्याची वेळच येऊ नये म्हणून. बंदुकीच्या कपाटालाही तसंच करा. दोन वेगळी कुलपं. एक किल्ली परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्या कमरेला, दुसरी घरातल्या बाईकडे. एका किल्लीने कपाट उघडत नाही. राखणीला निघायचं तर दोघांनी मिळून उघडायचं. पोरांच्या हाती एक किल्ली लागली तरी निभावतं. आणि देवघरातला खिळा, चहाच्या डब्यामागची जागा, कपाटाचा माथा, या ठिकाणी किल्ली ठेवायची नाही. घरातलं शेंबडं पोरही तिथेच आधी शोधतं.

बंदुकीची दारू, केपा, छर्रे, काडतुसं त्या कपाटात नकोत. त्यांची पेटी वेगळी, कुलूप वेगळं. दारू तिच्या मूळ डब्यात, लाकडी पेटीत ठेवा. गच्च बंद लोखंडी पेटीत तिला आग लागली तर पेटीचाच बॉम्ब होतो. चूल, गॅस, देवाचा दिवा आणि इन्व्हर्टर यांपासून ती लांब हवी.

मैत्रिणींनो, आता जरा अवघड बोलते. बंदुकीचा धोका फक्त पोरांना नसतो. घरात पिणं चालतं, भांडण होतं. कधी वाडी जाते, कर्ज चढतं, माणूस आतून खचतो. राग आणि निराशा या दोन्हींची लाट तासा-दोन तासांत ओसरू शकते. तेवढ्या वेळात बंदूक हाताशी नसली तर पुष्कळदा जीव वाचतो. दोन किल्ल्या म्हणजे तोच मधला वेळ.

पण तो माणूस किल्ली हिसकावून घेईल अशी भीती तुम्हाला असेल, तर कपाट हा उपाय नाही. मग बंदूक घरातच नको. निवडणुकीच्या वेळी अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात ना? तशी ती एरवीही पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येते. पावती घ्यायची आणि परवान्याबरोबर जपून ठेवायची. घरधनी ऐकत नसेल आणि धमकावत असेल, तर ११२ ला फोन करा किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. परवाना थांबवायचा किंवा रद्द करायचा अधिकार कायद्याने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलत असेल, तर ती नुसती बडबड समजू नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, तिथे पैसे न देता बोलता येतं.

आणखी एक प्रश्न मला विधवा बहिणी विचारतात. मालक गेले, बंदूक घरातच आहे, काय करू? ती तशीच ठेवणं गुन्हा ठरू शकतो, कारण परवाना गेलेल्या माणसाच्या नावावर होता. दिवसकार्य आटोपलं की पोलीस ठाण्यात कळवून ती जमा करा आणि पावती घ्या. मग वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. आणि वारस म्हणजे फक्त मुलगा नव्हे. बायको आणि मुलगीही वारस आहेत. नको असेल तर रीतसर सोडूनही देता येते. माळ्यावर टाकून विसरून जाऊ नका.

आपल्या किनाऱ्याला तर ही काळजी दुप्पट हवी. १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली, त्याचा डाग आपण अजून सोसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या बोटीत रायफली सापडल्या, तेव्हा केवढी धावपळ उडाली होती ते आपण पाहिलं. अशा गावात परवान्याची बंदूक चोरीला गेली तर ती साधी चोरी राहत नाही. गेली असं कळताक्षणी पोलिसांत कळवा. उद्या मिळेल म्हणून थांबू नका.

कपाटाला खर्च येतो, मान्य आहे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. गावात चार परवाने असतील तर चारही कपाटं एकदम सांगा, वेल्डिंगवाला भाव कमी करतो. गटातून कर्ज काढावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. गाय घ्यायला काढतो, शिलाई मशीनला काढतो, मग पोरांच्या जिवासाठी का नाही?

बैल गेला आणि झोपा केला, असं आपल्या घरात होऊ नये. आमच्या घरी कपाट झालं ते कौलं फुटल्यावर. तुम्ही त्याच्या आधी करा. आज संध्याकाळी दिवा लावला की घरात एवढंच विचारा, नळी रिकामी आहे का, आणि किल्ली कुठे आहे?