एक बशी, तीन कुंचले



कुटुंबाने मिळून जोपासावयाच्या छंदाविषयी मी चार शब्द बोलावेत, असे या ग्रंथालयाच्या चालकांनी सुचविले, तेव्हा मला संकोच वाटला. मी चित्रकार नव्हे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, माझी आई आणि अकरा वर्षांचा मुलगा यांच्यासमवेत मी जलरंग हाताळू लागलो. तिघांत मिळून रंगाची पेटी एक आणि रंग कालविण्याची बशीही एकच. माझा अधिकार एवढाच. म्हणून प्रथम ज्यांचा अधिकार फार मोठा आहे, अशा एका घराविषयी बोलतो.

कलकत्त्यातील जोडासांको येथे ठाकूर घराण्याच्या वाड्याला दक्षिणेकडे एक प्रशस्त व्हरांडा होता. गगनेंद्रनाथ (१८६७-१९३८) आणि अवनींद्रनाथ (१८७१-१९५१) हे बंधू तेथे चित्रे रंगवीत बसत. त्यांची धाकटी बहीण सुनयनी देवी (१८७५-१९६२) यांनी तिशीच्या सुमारास, संसाराचा व्याप सांभाळीत असता कुंचला हाती घेतला. अवनींद्रनाथांना युरोपीय शिक्षक लाभले होते. बहिणीचे शिक्षण म्हणजे भावांना रंगविताना पाहणे, एवढेच. १९२२ साली कलकत्त्यात जर्मनीच्या बाउहाउस संस्थेतील कलावंतांची चित्रे मांडली गेली, त्या प्रदर्शनात सुनयनी देवींचीही चित्रे होती. अशा घराण्यात जन्मल्यावर यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. मला ते अर्धेच खरे वाटते. व्हरांड्यावरून जा-ये करणारी माणसे त्या घरात पुष्कळ असतील. थांबून पाहणारी थोडी.

याच घरात एक निराळी पद्धती रूढ झाली. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. ताइकान आपल्या चित्रावरून पाण्याने भिजलेला कुंचला फिरवीत. ते पाहून अवनींद्रनाथांनी एक पाऊल पुढे टाकले आणि रंगविलेला कागदच पाण्यात बुडविला! जलरंगात डिंक असतो व तो सुकल्यानंतरही पाण्याने पुन्हा सैल होतो. वरवरचा रंग निघून जातो. कागदाच्या तंतूंत मुरलेला तेवढा राहतो. पुन्हा रंग, पुन्हा स्नान, असे अनेकदा केले म्हणजे चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी छटा पसरते. सुनयनी देवीही तांबड्या किंवा काळ्या रेषेने आकृती काढून, रंग भरून कागद भिजवीत.

हे सारे मी पुस्तकात वाचले, आणि उतावीळपणे एका रविवारी मुलाचे चित्र बादलीत बुडविले. त्याने आमच्या गल्लीतील पिंपळ तीन दिवस खपून काढला होता. रंग दाट होता, पुरता सुकलाही नव्हता. कागदही वहीचा, पातळ. क्षणात पिंपळ पाण्यात गेला. मुलगा काही बोलला नाही. आठ दिवस तो बशीपाशी फिरकला नाही. आईने मात्र मला ऐकविले, "अरे, स्वतःचे बुडवायचे होतेस ना!"

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: दुसऱ्याच्या कागदाला न विचारता हात लावावयाचा नाही, अगदी सुधारण्यासाठीसुद्धा. थोरांना हा नियम पाळणे फार जड जाते. मुलाचे आकाश डागाळत असलेले दिसते आणि हात शिवशिवतात. आईचे तसे नाही. तिला रांगोळीची सवय. तिची रेषा एकदा पडली की पडली. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद, हे मला समजावून घ्यावे लागले. तिला ते ठाऊकच होते. रांगोळीतही मोकळी जागा आधीच राखावी लागते.

नवव्या दिवशी मुलाने जाड कागद मागितला. त्याने पुन्हा पिंपळच काढला, दोन दिवस सुकू दिला, आणि बादली स्वतः भरून आणली. मला त्याने दाराशी उभे केले. आजीला मात्र कागदाचे दुसरे टोक धरावयास जवळ बोलाविले.